टाइल्स बसण्याआधी: स्वयंपाकघर आणि बाथरूमसाठी पूरक हीटिंग कसं निवडावं

बाथरूमची फरशी उखडलेली आहे, भिंतींचा गिलावा उतरलाय, वायरी उघड्या पडल्यात. नूतनीकरणातली ही अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. एकदा टाइल्स बसल्या की पुढची कित्येक वर्षं फरशीखाली हात घालता येत नाही. तरीही उष्णतेचा विचार बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी होतो. नळ झाले, आरसा झाला, कपाटं झाली, आणि पहिल्या थंडीत कळतं की नव्या गुळगुळीत फरशीवर पाय ठेववत नाही. मग प्लगवर चालणारा सुटा हीटर आणून नेमका पाण्याच्या खोलीत ठेवला जातो. तो तिथे असायलाच नको.

म्हणून माझा आग्रह आहे की हीटरचे कॅटलॉग उघडण्याआधी गारवा कुठून येतो ते शोधा आणि तो किती आहे ते मोजा. पूरक हीटिंग म्हणजे तूट भरून काढणं. तूट किती ते माहीत नसेल तर दुकानदार सांगेल तो आकडा खरा मानावा लागतो.

दोन खोल्या, दोन वेगळे प्रश्न

बाथरूममध्ये अंग उघडं आणि ओलं असतं. कपडे घातलेल्या माणसाला २० अंश सेल्सिअस पुरतात. उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाला मात्र थंडी वाजू नये म्हणून भोवतालची हवा २८ ते ३० अंशांच्या आसपास लागते. त्यात अंगावरचं पाणी सुकताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे २४०० जूल उष्णता खर्च होते आणि त्यातली बरीचशी कातडीतून जाते. बाथरूम कोणी ३० अंशांना ठेवत नाही. आराखडा करताना २२ ते २४ अंश धरतात आणि उरलेली कसर गरम फरश्या, समोरून येणारी उष्णकिरणं आणि ऊबदार टॉवेल यांनी भरून काढतात. शिवाय ही गरज दिवसातून दोन-तीनदा, पंधरा-वीस मिनिटांची असते.

स्वयंपाकघराचं उलट आहे. तिथे माणूस कपड्यांत असतो, सतत हालचाल करतो, शेगडी आणि फ्रिज आपापली उष्णता देतात. १८ ते २० अंश पुरतात. पण ओट्यापाशी एकाच जागी तास-दीड तास उभं राहावं लागतं आणि थंडी पायांतून चढते. तिथे मुख्य प्रश्न पायांचा आहे, आणि चिमणीचाही. तिच्याकडे पुढे येतो.

पहिली पायरी: गळती बंद करा

फोडलेल्या भिंतीतून जे दिसतं ते पुन्हा दिसणार नाही, म्हणून आधी निरीक्षण करा. थंडीच्या पहाटे बाहेरच्या भिंतीला, खिडकीच्या चौकटीला आणि पाइप भिंतीतून बाहेर जातात त्या भोकांना तळहात लावून बघा. स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटामागे जुन्या पाइपांची रिकामी भोकं सर्रास सापडतात. त्यांतून थेट बाहेरची हवा येते आणि कपाटाखालून पायांवर पसरते. ती भोकं बुजवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि त्याची तोड कुठल्याही हीटरला नाही.

बाहेरच्या भिंतीला आतून इन्सुलेशन देण्याची संधीही याच वेळी असते. साध्या ९ इंची विटेच्या भिंतीचं यू-मूल्य साधारण २ असतं. म्हणजे आत-बाहेर १ अंशाचा फरक असला की दर चौरस मीटरमधून २ वॅट उष्णता निघून जाते. त्यावर ५० मिलिमीटरचा एक्सपीएस (दाट फोमचा) बोर्ड लावला की तेच मूल्य ०.५ च्या आसपास येतं. बाहेर ४ अंश आणि आत २४ अंश असताना अशा भिंतीचा आतला पृष्ठभाग सुमारे १९ अंशांवरून जवळपास २३ अंशांवर जातो. हा फरक अंगाला कळतो, कारण शरीर फक्त हवेचं तापमान जाणत नाही. भोवतालच्या भिंतींकडे ते उष्णता टाकत असतं, आणि हवा नि पृष्ठभाग यांची साधारण सरासरी आपल्याला जाणवते. एकेरी काचेची आतली बाजू त्याच परिस्थितीत ९ अंशांच्या आसपास असते, म्हणून बाफ आधी तिच्यावर जमते.

एक खबरदारी इथे सोडू नका. बाथरूममध्ये आतून इन्सुलेशन करताना पाणी न शोषणारा बोर्डच घ्या, सगळे सांधे सील करा आणि वॉटरप्रूफिंग त्याच्यावर सलग येऊ द्या. बोर्ड आणि थंड वीट यांच्यामध्ये दमट हवा शिरली तर बुरशी दिसणार नाही अशा जागी वाढते.

दुसरी पायरी: तूट मोजा

हिशेब सोपा आहे. प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले यू-मूल्य गुणिले दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक. हवेसाठी, दर तासाला जितके घनमीटर हवा बदलते त्याला ०.३३ ने आणि तापमानाच्या फरकाने गुणायचं.

एक बाथरूम घेऊ: २.४ मीटर लांब, १.८ मीटर रुंद, २.४ मीटर उंच. लांबीची एक भिंत बाहेरची, तिच्यात छोटी एकेरी काचेची खिडकी. बाहेर ४ अंश, शेजारच्या खोल्या १८ अंश, आणि आपल्याला हवेत २४ अंश.

खिडकी वगळून बाहेरची भिंत ५.२ चौरस मीटर, म्हणजे २०८ वॅट. खिडकी अर्ध्या चौरस मीटरहून थोडी मोठी, सुमारे ६० वॅट. आतल्या तीन भिंतींतून शेजारच्या खोल्यांकडे १५० वॅटच्या आसपास, छत आणि जमीन मिळून १००. एक्झॉस्ट फॅन तासाला ८५ घनमीटर हवा ओढत असेल तर दाराखालून तेवढीच १८ अंशांची हवा आत येते, तिच्यासाठी १७० वॅट. एकूण सुमारे ७०० वॅट.

आता बाहेरच्या भिंतीला ५० मिलिमीटरचा बोर्ड लावा. २०८ चे ५२ होतात आणि एकूण गरज ५३० च्या आसपास येते. बाथरूममध्ये आधीपासून ४०० वॅट देणारा रेडिएटर (गरम पाणी फिरवून खोली तापवणारं पॅनेल) असेल तर तूट फक्त १३० वॅटची. बोर्ड नसता तर तीच तूट ३०० वॅटची होती. म्हणजे इन्सुलेशनच्या निर्णयाने हीटरचा आकार निम्म्याहून खाली आला. आधी मोजा म्हणतो ते याचसाठी.

तुमच्या घराचे आकडे वेगळे येतील. भिंतीचं बांधकाम नीट माहीत नसेल तर यू-मूल्य जास्तीकडे धरा आणि शेवटच्या उत्तरात थोडी वाढ ठेवा.

तिसरी पायरी: बाथरूमसाठी साधन

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. तारेतून वीज जाऊन तापणारं कुठलंही साधन, मग ते तेलाचं असो, सिरॅमिक असो, इन्फ्रारेड असो की फरशीखालची केबल, १ युनिट विजेतून १ युनिटच उष्णता देतं. कमी विजेत दुप्पट उष्णता असं कोणी सांगत असेल तर ते साधन हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून आत आणणारं यंत्र असलं पाहिजे, नाहीतर दावा खोटा आहे. या साधनांमधला खरा फरक उष्णता कुठे पडते, किती लवकर पडते आणि किती वेळ चालू ठेवावी लागते यात आहे.

फरशीखालची इलेक्ट्रिक केबल किंवा मॅट (जाळीवर बसवलेली तीच केबल) ही नूतनीकरणात सगळ्यात मोहात पाडणारी गोष्ट आहे, आणि मलाही ती आवडते. मॅटची जाडी ३-४ मिलिमीटर, ती टाइल्सच्या ॲढेसिव्हमध्येच बसते, त्यामुळे फरशीची उंची फारशी वाढत नाही. बाथरूमसाठी दर चौरस मीटरला १५० वॅटची मॅट नेहमी वापरतात. पण तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते समजून घ्या. युरोपीय मानक ईएन १२६४ नुसार राहत्या खोल्यांत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या आणि बाथरूममध्ये ३३ अंशांच्या वर जाऊ नये. हवेपेक्षा फरशी ९ अंशांनी गरम असली की दर चौरस मीटरमधून सुमारे १०० वॅट खोलीत येतात. वरच्या बाथरूममध्ये कमोड, बेसिनचं कपाट आणि शॉवरची जागा सोडली तर मोकळी फरशी २ चौरस मीटर उरते. म्हणजे २०० वॅट. १३० वॅटची तूट ती आरामात भरेल, ३०० वॅटची भरणार नाही, आणि रेडिएटर नसलेली ७०० वॅटची खोली तर मुळीच नाही. पाय मात्र तिन्ही वेळा गरम राहतील.

फरशी गरम व्हायला लागणारा वेळ तिच्याखाली काय आहे त्यावर ठरतो. केबल ५ सेंटिमीटर जाड कोब्यात पुरली तर तो कोबा ८ अंशांनी तापवायला दर चौरस मीटरला सुमारे २०० वॅट-तास लागतात. १५० वॅटच्या मॅटला सव्वा तासाहून अधिक, आणि खाली झिरपणारी उष्णता वेगळी. तेच केबलखाली ६ ते १० मिलिमीटरचा इन्सुलेशन बोर्ड असेल तर फक्त ॲढेसिव्ह आणि टाइल तापवायची, अर्ध्या-पाऊण तासात फरक जाणवतो. या बोर्डावर काटकसर करू नका. मॅट हवी तर बोर्ड हवाच.

घरात आधीच गरम पाण्याचं हीटिंग असेल तर फरशीखाली पाइप टाकण्याचा पर्याय आहे. मात्र फरशीला ३० ते ४५ अंशांचं पाणी लागतं आणि जुन्या रेडिएटरांच्या लाइनमध्ये ते ६०-७० अंशांचं असतं. मधे मिक्सिंग व्हॉल्व्ह (गार पाणी मिसळून तापमान उतरवणारी झडप) न घालता थेट जोड दिला तर फरशीवर पाय ठेवता येणार नाही आणि टाइल्सचे सांधे उकलतील.

सकाळी घाईत वीस मिनिटांपुरतीच ऊब हवी असेल तर इन्फ्रारेड अधिक शहाणपणाचं. छतात बसणारे २५० वॅटचे दोन किंवा चार दिवे बटण दाबताच अंगावर ऊब टाकतात, खोलीतली हवा तापायची वाट बघावी लागत नाही. सपाट इन्फ्रारेड पॅनेल सौम्य असतात, त्यांचा पृष्ठभाग ८० ते १०० अंशांपर्यंत जातो आणि त्यांना थोडा वेळ द्यावा लागतो. आरशाच्या रूपातलं पॅनेल घेतलं तर आरशावर बाफ धरत नाही. जागा ठरवताना एकच कसोटी लावा: अंग पुसताना तुम्ही जिथे उभे राहता तिथून पॅनेल दिसतं का? दारामागे किंवा कपाटाच्या आड बसवलेलं इन्फ्रारेड वाया जातं. दिव्यांच्या बाबतीत दार उघडताना वर त्यांच्याजवळ येत नाही आणि पडदा त्यांच्यापासून लांब आहे हे पाहा.

भिंतीवरचा फॅन हीटर सगळ्यात झटपट. आपल्या बाथरूममधली नुसती हवा ६ अंशांनी तापवायला १५०० वॅटला मिनिटही लागत नाही. पण टाइल्स आणि भिंती ती उष्णता लगेच ओढून घेतात, म्हणून प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटं धरा. अंघोळीआधी खोली तापवायला तो उत्तम. नंतर ओल्या अंगावर त्याचा वारा आला तर गारच वाटतं, म्हणून त्याचं तोंड उभं राहण्याच्या जागेकडे ठेवू नका. खर्चाची तुलना करायची तर २००० वॅटचा फॅन हीटर पंधरा मिनिटं चालला की अर्धं युनिट जातं. २ चौरस मीटरची मॅट पूर्ण ताकदीने चार तास चालली तर १.२ युनिट. कोणतं स्वस्त हे तुमच्या वेळापत्रकावर ठरतं. सतत ये-जा असेल तर फरशी, दोनच ठरलेल्या वेळा असतील तर इन्फ्रारेड किंवा फॅन.

टॉवेल रेलकडे मी मुख्यतः टॉवेल वाळवण्याचं साधन म्हणून पाहतो. रिकामा असताना तो खोलीला जितकी उष्णता देतो त्यातली बरीच टॉवेल टाकल्यावर अडते. क्रोमचा रेल चमकदार दिसतो, पण त्याच आकाराचा रंगीत रेल त्याच्यापेक्षा जास्त उष्णता देतो, कारण चकचकीत धातू उष्णकिरणं कमी सोडतो. गरम पाण्यावरच्या रेलमध्ये उन्हाळ्यासाठी इलेक्ट्रिक रॉडही बसवता येतो. तसा बसवलात तर रॉड चालू असताना रेलचा एक व्हॉल्व्ह उघडाच राहिला पाहिजे. दोन्ही बंद केले तर तापून फुगणाऱ्या पाण्याला जायला वाट उरत नाही.

बाहेर धुराडं नसलेला गॅस हीटर बाथरूममध्ये कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि छोट्या बंद खोलीत तो जीव घेतो. शिवाय १ किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे ओलही वाढते.

चौथी पायरी: स्वयंपाकघर

आता चिमणी. ताशी ४०० घनमीटर हवा ओढणारी, बाहेर फेकणारी चिमणी चालू असताना तेवढीच हवा बाहेरून घरात येते. आत-बाहेर १५ अंशांचा फरक असेल तर ४०० × ०.३३ × १५, म्हणजे जवळपास २००० वॅट. अख्ख्या हीटरची ताकद चिमणीतून जाते. म्हणून वेग नियंत्रित होणारी चिमणी घ्या, भांडं झाकून शिजवता येईल तेव्हा कमी वेगावर चालवा, आणि बंद असताना आपोआप मिटणारी झडप तिच्या पाइपला आहे ना ते बसवतानाच तपासा. ती नसेल तर रात्रभर त्या पाइपातून गारवा उतरतो. घरात धुराड्याचा बॉयलर किंवा गॅस गीझर असेल तर आणखी सावध राहा. जोरदार चिमणी त्याचा धूर उलटा घरात ओढू शकते. हवा आत येण्याची वेगळी वाट ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

स्वयंपाकघरात जास्तीची कपाटं बसवण्यासाठी रेडिएटर काढून टाकण्याचं प्रमाण मोठं आहे. त्याची जागा घ्यायला कपाटाखालच्या पायपट्टीत बसणारा छोटा फॅन हीटर हे मला सर्वांत समंजस उत्तर वाटतं. भिंतीची जागा जात नाही आणि ऊब थेट पायांवर येते. तो विजेवरचा असतो किंवा गरम पाण्यावरचा. पाण्यावरचा घेताना पुढे ओढून साफ करता येईल इतकी लांब लवचिक नळी आणि दोन्ही बाजूंना बंद करण्याच्या झडपा ठेवा, कारण धूळ आणि तेलकट लिंट त्याच्या जाळीत अडकतेच. त्यातला पंखा पाणी सुमारे ४० अंश झाल्यावरच सुरू होतो. तुमचा हीट पंप ३५ अंशांचं पाणी देत असेल तर असा हीटर मुकाट बसून राहील. त्यासाठी कमी तापमानावर चालणारं मॉडेल मागा. आवाज किती आहे तेही चालू करून ऐका. पाठीशी जेवणाचं टेबल असेल तर तो आवाज रोज ऐकायचा आहे.

फरशीखालची मॅट स्वयंपाकघरातही चालते, पण फक्त उभं राहण्याच्या आणि चालण्याच्या जागेत. कपाटं आणि फ्रिज यांच्याखाली ती कधीही टाकू नका. तिथे उष्णता कोंडते, केबल जळू शकते, धान्य खराब होतं आणि फ्रिजचं काम वाढतं. लाकडी फरशी असेल तर पृष्ठभाग सहसा २७ अंशांपर्यंतच ठेवतात. लाकूड मुळातच पायाला कमी गार लागतं. त्याच तापमानाची टाइल गार भासते कारण ती पायातली उष्णता झपाट्याने खेचते. त्यामुळे लाकूड असेल तर मॅटचा खर्च खरंच हवा का, याचा पुन्हा विचार करा.

पाचवी पायरी: वीज आणि पाणी

२३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे ८.७ अँपिअर. १२० व्होल्टच्या पुरवठ्यावर तेच १६.७ अँपिअर होतात. ओव्हन आणि डिशवॉशर ज्या लाइनवर आहेत तिथे हीटर जोडू नका. डीबीपासून (घराच्या मुख्य विद्युत-पेटीपासून) स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

बाथरूमचे विद्युत-विभाग आयईसी ६०३६४ या मानकात आखलेले आहेत. टबच्या किंवा शॉवर-ट्रेच्या आतली जागा शून्य विभाग. तिच्यावर २.२५ मीटर उंचीपर्यंत पहिला. त्याच्या कडेपासून पुढे ६० सेंटिमीटर दुसरा. ट्रे नसलेल्या सपाट शॉवरला पहिला विभाग पाणी येण्याच्या ठिकाणापासून १.२ मीटरपर्यंत पसरतो. पहिल्या-दुसऱ्या विभागातलं उपकरण निदान आयपीएक्स ४ (सगळीकडून उडणाऱ्या पाण्यापासून सुरक्षित) दर्जाचं आणि तिथे बसवायला उत्पादकाने मान्यता दिलेलं असावं. बटणं आणि सॉकेट विभागांच्या बाहेर. फरशीखालच्या केबलला धातूचं आवरण किंवा वर धातूची जाळी असावी आणि ती अर्थिंगला जोडावी. तुमच्या भागातले नियम याहून कडक असतील तर तेच पाळा. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

सहावी पायरी: कामाचा क्रम

आधी वायरिंगचे पाइप आणि थर्मोस्टॅटचा बॉक्स, मग इन्सुलेशन बोर्ड, मग मॅट, मग टाइल्स. ओल्या जागेत वॉटरप्रूफिंगचा थर मॅटच्या वर येणार की खाली, हे मॅट आणि वॉटरप्रूफिंग दोन्हींच्या सूचना वाचून गवंड्याशी आधीच ठरवा. वळवताना मॅटची जाळी कापायची, केबल कधीच कापायची नाही. एका केबलवरून दुसरी जाऊ द्यायची नाही. फरशीतला सेन्सर दोन केबलच्या मधोमध आणि वेगळ्या नळीत घाला. नळीचं पुढचं टोक बंद असावं. सेन्सर बिघडला तर तो ओढून नवा घालता येतो, टाइल फोडावी लागत नाही.

केबलचा रेझिस्टन्स तीनदा मोजायचा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल्स बसल्यावर. बरोबर मेगरने (वीज गळते का ते तपासणाऱ्या मीटरने) केबलचं इन्सुलेशनही तपासायचं. आकडे खोक्यावरच्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. अंथरलेल्या केबलचे, शेजारी मेजरिंग टेप ठेवून, भिंतीपासूनची अंतरं दिसतील असे फोटो काढा. माझ्या घरी हे फोटो काढले गेले नाहीत. चार वर्षांनी कमोड बदलताना नव्या कमोडचा स्क्रू जुन्या भोकापासून दोन बोटं बाजूला आला आणि ड्रिल थेट केबलमध्ये गेलं. थर्मल कॅमेऱ्याने जागा शोधून दोन टाइल्स काढाव्या लागल्या, आणि त्याच रंगाच्या टाइल्स तेव्हा मिळत नव्हत्या. मोजलेले तीन आकडे आणि फोटोंच्या प्रती आता डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या आहेत.

सगळं झाल्यावर लगेच फरशी चालू करून बघण्याचा मोह होतो. तो आवरा. टाइल ॲढेसिव्ह आणि ग्राउट पुरते सुकायला उत्पादक सांगतो तितके दिवस द्या, बहुतेकदा आठवडाभर. केबल कोब्यात असेल तर महिना. मग पहिल्या दिवशी थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानापेक्षा थोडाच वर ठेवा आणि रोज दोन-तीन अंशांनी चढवत ठरलेल्या तापमानावर न्या. सांध्यांवर केसासारखी चीर दिसली तर तिथेच थांबा आणि गवंड्याला बोलवा.